साउंड कार्डावरची होडी

३ सप्टेंबर

चि. ठिणगी,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण परत पाठवू नकोस. इकडे आधीच अडगळ खूप आहे.

चार वर्षांनी मामाचं पत्र आलं की माणूस घाबरतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळे ठीक आहेत. मामी ठणठणीत आहे. दर रविवारी तिची आणि तुझ्या आईची फोनवर बैठक असते आणि विषय मीच असतो. दुकान आहे. बाहेरची पाटी एका बाजूला कलली आहे, आणि मी ती रोज सकाळी बघतो आणि रोज म्हणतो, उद्या.

काम असं आहे. आपल्या हौशी नाटकवाल्यांनी नवं नाटक धरलंय. दिग्दर्शक तेच, दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि संध्याकाळी नटांना तोंड मिटा म्हणायचं, असा त्यांचा दिनक्रम अजून चालू आहे. या नाटकात नदीच्या डाव्या काठाला एक होडी उभी असते. अख्खा दुसरा अंक ती हलत नाही. सगळे येतात, रडतात, भांडतात, होडी आपली तिथेच. शेवटी ती एकदाच निघते, उजव्या काठाला जाते आणि तिथे थांबते. संपलं नाटक. डॉक्टरांना ही होडी लाकडाची नको, उजेडाची हवी. त्यासाठी त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या नाचघरातून एक लेझर प्रोजेक्टर आणलाय. तो स्वतःच्या मनाने फुलं काढतो, चक्रं काढतो आणि एक नाचणारी बाई काढतो. होडी काढत नाही.

बैठकीत कुणीतरी विचारलं, "याला आपल्याला हवं ते काढायला लावता येईल का?" आणि मी, ज्याने आयुष्यात ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही, तो म्हणालो, "अहो, त्यात काय आहे!" हेच वाक्य मी छप्पर गळत होतं तेव्हा म्हणालो होतो, आणि मामीचं शिवणयंत्र उघडलं तेव्हाही. ते शिवणयंत्र आता फुलदाणी ठेवायला उपयोगी पडतं.

तू ज्या कंपनीत आहेस तिथे हेच करतात, असं तुझी आई मामीला सांगते आणि मामी मला. तेव्हा कसं करायचं ते कळव. प्रयोग अठ्ठावीस ऑक्टोबरला आहे.

हे फोनवर का नाही, असं विचारू नकोस. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो. पत्रात तू पुरती बोलेपर्यंत मला गप्प बसावंच लागतं.

तुझा,
मामा


१२ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. लांबून, उभ्यानेच.

पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. शेजारीण विचारायला लागली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, मामाला होडी हवीय. ती तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलते.

मदत करते. पण आधी माझं ऐक. चार वर्षांत मी किती वेळा फोन केला ते मोजलेलं नाही, असं मी लोकांना सांगते. मोजलंय. दरवेळी मामी घेते. तू दुकानात असतोस, नाहीतर अंघोळीला, नाहीतर नुकताच डोळा लागलेला असतो. इतक्या अंघोळी करून कुणी माणूस शिल्लक राहत नाही, मामा.

मी दुकान सोडून गेले ते तुला लागलं, हे मला कळतं. बारा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की मी तुझ्या टेबलाशी. तारा डाखायची सोल्डरिंगची इस्त्री हातात कशी धरायची ते तू शिकवलंस, ठिणगी हे नावही तूच ठेवलंस. आणि जाताना मी म्हणाले, तुझ्या टेबलावर माझा एकही जोड माझा राहत नाही, मी पाठ फिरवली की तू तो काढून पुन्हा करतोस. ते खरंच होतं, पण मी ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. त्याबद्दल माफ कर. मात्र मी गेले ते बरोबर केलं की चूक केली, एवढं एकदा तुझ्याकडून मला हवंय. चूक म्हण, चालेल. पण गप्प बसू नकोस.

आता होडी. प्रोजेक्टरच्या पोटात नखाएवढे दोन आरसे असतात. एक किरणाला डावी-उजवीकडे नेतो, दुसरा वर-खाली. दोघं मिळून किरण इतक्या झपाट्याने फिरवतात की आपल्याला अखंड रेघ दिसते. आरशांना फक्त एवढंच सांगायचं असतं की या क्षणी कुठे बघा. त्यासाठी खास यंत्रं मिळतात, पण साधं यूएसबी साउंड कार्डही ते काम करतं. ज्या तारेतून तू स्पीकरला गाणं पाठवतोस, त्याच तारेतून आरशाला हुकूम जातो. डावा चॅनेल एका आरशाला, उजवा दुसऱ्याला, आणि तिसरी तार किरण चालू-बंद करायला. म्हणजे स्पीकरच्या जागी आरसा बसवला, इतकंच. तुला जमेल. तुला आवडेलही, पण तसं तू कबूल करणार नाहीस.

एक कार्ड मी तयार करून पाठवतेय. सोबत तारा आहेत, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलीय, आणि चित्र काढायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घातलाय. लॅपटॉपला लाव, यादीतून हेच कार्ड निवड, आवाज गोड करण्याच्या सगळ्या सोयी बंद कर. लॅपटॉपची टिंगटिंग दुसरीकडे वळव, नाहीतर तीही आरशांना ऐकू जाईल. किरण माणसांच्या डोक्यांच्या वरून गेला पाहिजे. भिंगात कुणी डोकावायचं नाही, दातांच्या डॉक्टरांनी तर नाहीच, त्यांना डोकावायची सवय आहे. बंद करायचं बटण हाताशी ठेव.

आणि कार्डाची डबी उघडायची नाही. का, ते विचारू नकोस.

ठिणगी


२३ सप्टेंबर

चि. ठिणगी,

पार्सल पोचलं. तारांच्या चिठ्ठ्या वाचून मामी म्हणाली, पोरगी व्यवस्थित आहे हो, आपल्यावर गेली नाही. आपल्यावर म्हणजे माझ्यावर.

तुझ्या पत्राच्या पहिल्या पानाला उत्तर देतो, पण सवडीने. आधी कामाचं.

कार्ड लॅपटॉपला लावलं. तू पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये माउसने होडी काढायला घेतली. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत रेघ, असं करत जायचं, हे मला समजलं. होडी कशी दिसते हे मात्र मला माहीत नव्हतं, असं निघालं. साठ वर्षं होड्या बघतोय. पहिली होडी चपलेसारखी आली. दुसरी चपलेच्या दुसऱ्या पायासारखी आली. शेवटी मामीने माउस ओढून घेतला आणि पाच रेघांत होडी काढली. मी म्हटलं, शीड राहिलं. ती म्हणाली, काठाला बांधलेल्या होडीला शीड कशाला हवंय?

मंगळवारी दुपारी सगळं सामान सभागृहात नेलं. पडदे ओढले. मी बटण दाबलं, आणि ठिणगी, समोरच्या काळ्या कापडावर हिरवी होडी उभी राहिली! स्वच्छ, बारीक, एका रेघेची. टपालखात्यातल्या बाई नायिकेचं काम करतात, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जणू रोज चार होड्या काढतो अशा चेहऱ्याने मान हलवली.

टिंगटिंग वळवायला मी विसरलो होतो. मामीच्या बहिणीचा काहीतरी निरोप आला आणि होडीने टुणकन उडी मारली. डॉक्टर म्हणाले, "वा, लाट काय सुंदर दाखवलीत!" मी तीही दाद मान हलवून पदरात पाडून घेतली.

इथवर ठीक. पुढचं ऐक. होडी डाव्या काठाला ठेवली की ती तिथे दिसते, आणि मग हळूच, कुणाला संशय येऊ नये अशा बेताने, मधोमध सरकायला लागते. वीस-पंचवीस सेकंदांत ती मंचाच्या मध्यावर. तिथे नावाडी उभा असतो, म्हणजे आपले विमावाले, आणि ती बरोबर त्यांच्या पोटावर येऊन थांबते. वर ठेवली तर खाली उतरते, खाली ठेवली तर वर चढते. जिथे ठेवावी तिथून निघून ही बया विमावाल्यांच्या पोटाकडे. विमावाले आता श्वास रोखून संवाद म्हणतात.

मी तारा अदलाबदल केल्या. होडी उलटी झाली, सरकायची थांबली नाही. लॅपटॉप बदलला. मग मला वाटलं, सोपं आहे, प्रोजेक्टरच डावीकडे फिरवू, म्हणजे तिचा मध्य तोच आपला डावा काठ. अंकभर होडी जागेवर राहिली! मी स्वतःवर इतका खूश झालो की चहा मागवला. चहा येईपर्यंत शेवटचा प्रसंग आला, होडी उजव्या काठाला पाठवली, ती गेली, क्षणभर थांबली आणि निमूटपणे परत डावीकडे आली. तीन तास रडून-भांडून लोक पलीकडे पोचतात आणि होडी अलीकडे. डॉक्टर म्हणाले, याने नाटकाचा अर्थ बदलतो.

काय करू ते कळव.

मामा

ता. क. पहिल्या पानाचं माझ्या लक्षात आहे.


२९ सप्टेंबर

मामा,

डबी उघडलीस का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. होडीचं हे दुखणं मी ओळखते, आणि ते तारांचं नाही, लॅपटॉपचं नाही, प्रोजेक्टरचंही नाही.

आणि तुझी सवड नक्की कोणत्या महिन्यात पडते?

ठिणगी


६ ऑक्टोबर

चि. ठिणगी,

या वयात तू मला हा प्रश्न विचारावास, याचं वाईट वाटलं. तू उघडू नको म्हणालीस, मी उघडली नाही. चाळीस वर्षं या धंद्यात काढली, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही एवढं मला समजतं. तुझं पत्र वाचल्यापासून त्या डबीच्या स्क्रूला माझं बोटही लागलेलं नाही. शपथेवर लिहितो. दोष दुसरीकडे कुठेतरी आहे, तिकडे शोध.

दिवस बावीस राहिलेत. विमावाल्यांनी कमरेला पट्टा घ्यायला सुरुवात केली आहे.

मामा

(याच कागदाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

ठिणगी बाळा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून मागे चार ओळी लिहिते. त्याची शपथ खोटी नाही. तुझं पत्र वाचल्यापासून त्याने बोट लावलेलं नाही. पण पत्र त्याने संध्याकाळी वाचलं. डबी सकाळीच उघडली होती, पार्सल फोडल्यावर दहाव्या मिनिटाला. आत बघून म्हणाला, "हे बघ, पोरीने कपॅसिटरच काढून टाकलेत, त्यांच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे! हे असं काम कंपनीत चालतं?" मग खणातून चांगले मोठे कपॅसिटर काढून बसवले. ते डबीत मावेनात, तेव्हा झाकणाला भोकं पाडून बाहेर काढले. दुपारचं जेवण टेबलावरच केलं आणि सगळा वेळ शीळ घालत होता. ती शीळ मी फार दिवसांनी ऐकली, म्हणून मी त्याला थांबवलं नाही. मला काय माहीत की तू मुद्दाम काढलेत.
मामी


११ ऑक्टोबर

मामा,

मामीचं पत्र मागे वाचलं, मग तुझं पुढचं पुन्हा वाचलं, आणि कचेरीत इतकी हसले की साहेब बाहेर येऊन बघून गेले. मग राग आला. मग पुन्हा हसले. झाकणाला भोकं!

कपॅसिटर काय करतो ते तूच मला शिकवलंस. थरथरणारी वीज जाऊ द्यायची आणि स्थिर वीज अडवायची. आवाज म्हणजे नुसती थरथर, आणि स्थिर वीज स्पीकरला जाळते, म्हणून ती दारातच अडवलेली बरी. स्पीकरसाठी तुझं म्हणणं सोळा आणे खरं. पण आरशाचं तसं नाही. "डावीकडे बघ आणि बघतच राहा" हा हुकूम म्हणजेच स्थिर वीज. ती कपॅसिटरने अडवली की आरसा हुकूम विसरतो आणि आपल्या मधल्या जागेवर परत येतो. म्हणून मी ते काढून तारेचे तुकडे जोडले होते. आणि तू खणातले सगळ्यात मोठे लावलेस, म्हणून होडी इतकी सावकाश, डौलात सरकली. साधे असते तर झटक्यात पोटावर आली असती.

मी आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू चार पानं वाद घातला असतास, आणि चौथ्या पानावर मला तुझं पटलं असतं. तुझं मला नेहमी चौथ्या पानावर पटतं. म्हणून नुसतं "उघडू नकोस" लिहिलं. तुझ्यासारख्या माणसाला पार्सल पाठवायचं आणि तो आधी पत्र वाचेल असं धरून चालायचं, इतकी वर्षं तुझ्याजवळ काढूनही मी एवढी भोळी.

आणि एक सांगते, हसायचं नाही. माझ्या हाताखाली जोडणीचं काम करणाऱ्या एक बाई आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. हात चांगला आहे त्यांचा. तरी त्या घरी गेल्या की मी त्यांचे जोड बघते, आणि एखादा "जरासा" पुन्हा करते. परवा त्या छत्री विसरल्या म्हणून परत आल्या. मी त्यांच्या टेबलाशी, हातात तापलेली इस्त्री. मी म्हणाले, "इथे जरा धूळ होती." धूळ कुणी इस्त्रीने झटकतं का, मामा? त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि छत्री घेऊन गेल्या. तसं मी तुझ्याकडे शेकडो वेळा पाहिलं होतं. तेव्हा ते इतकं लागत असेल असं वाटलं नव्हतं.

मी दुसरं कार्ड पाठवणार नाही. तुझे कपॅसिटर तूच काढ, माझे तारेचे तुकडे तूच परत लाव. फेकले नसशील. तू काहीच फेकत नाहीस.

आणि पहिलं पान?

ठिणगी


१९ ऑक्टोबर

ठिणगी,

तुकडे काडेपेटीत ठेवले होते, काडेपेटीवर "ठिणगी, काय हे" असं लिहून. काढले, लावले. होडी डाव्या काठाला ठेवली. मी समोर खुर्ची टाकून घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. ती तसूभर हलली नाही. उजवीकडे पाठवली, गेली आणि राहिली. तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहिताना शाई संपेल असं वाटलं होतं, संपली नाही.

आता सवड झाली, असं समज.

शनिवारी तालमीत एक प्रकार घडला. माइक स्पीकरच्या समोर आला की जी किंकाळी फुटते, ती फुटली. टपालखात्यातल्या बाईंनी कानांवर हात ठेवले, डॉक्टर खुर्चीतून उठले, कुणी इकडे पळालं, कुणी तिकडे. मी मधोमध प्रसन्न चेहऱ्याने होडीकडे बघत बसलेला. विमावाल्यांनी मला खांद्याला धरून हलवलं आणि तोंडाशी तोंड आणून ओरडले, "अहो, आवाज!" मी म्हणालो, "आवडला ना?"

त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली ती मात्र मला कळली.

मला ऐकू येत नाही, ठिणगी. उजवा कान तू गेलीस त्याच वर्षी गेला, डावा त्याच्या संगतीने बिघडला. आधी मला वाटलं लोकच पुटपुटायला लागलेत. मी गिऱ्हाइकांना दरडावायचो, नीट बोला म्हणून. मग ॲम्प्लिफायरमधली गुणगुण ऐकू येईना. मी म्हणायचो, बघा, एकदम शांत चालतोय, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे वेड्यासारखं बघायचं. आता गुणगुण आहे का हे मामी सांगते. ती बोटं दाखवते, एक बोट थोडी, पाच बोटं दुकान बंद करा. नाटकवाल्यांचं आवाजाचं काम मी गेल्या वर्षी सोडलं. म्हणालो, नव्या लोकांना संधी मिळू दे. त्यांनी माझ्या मोठ्या मनाबद्दल मला पुष्पगुच्छ दिला. तो मी घेतलासुद्धा.

फोनमध्ये तुझा आवाज म्हणजे नुसती खरखर येते. चाळीस वर्षं लोकांची खरखर काढणारा मी, तुला काय सांगणार होतो? मामाला तू रागीट समजलीस तर चालेल, बहिरा समजायला नको, असं ठरवलं आणि मामीला अंघोळीचं सांगायला लावलं. ती दरवेळी माझ्याशी भांडायची. याची मला लाज वाटते. तू तिथे एकटी मोजत बसली होतीस आणि मी इथे शेजारच्या खोलीत कोरडा बसलेला असायचो.

पहिल्या दिवशी ती हिरवी रेघ दिसली तेव्हा मला काय वाटलं ते टाळ्यांच्या गडबडीत लिहायचं राहिलं. माझ्या तारेतून काय जातंय ते मला फार दिवसांनी कळत होतं. डोळ्यांनी का होईना.

गेलीस ते बरोबर की चूक, याचं उत्तर चार वेळा लिहिलं आणि फाडलं. ते अजून जमत नाही.

प्रयोगाला ये, असं मी म्हणत नाही. मामीने खुर्ची धरून ठेवली आहे.

मामा


३१ ऑक्टोबर

चि. ठिणगी,

तू जाऊन दोन दिवस झाले. नाटकवाले अजून दुकानात येऊन टेबलाशी उभे राहतात आणि हाताने होडी दाखवतात. सगळे आता माझ्याशी हातवारे करून बोलतात. दातांचे डॉक्टर तर दुसऱ्या अंकाचं मोठं भाषण मूकपणे करून दाखवतात, आणि मला ते प्रयोगापेक्षा बरं वाटतं.

प्रयोगाच्या दिवशी तू आलीस, पिशवीही खाली ठेवली नाहीस, डबीचं झाकण काढलंस, माझा जोड भिंगातून पाहिलास आणि इस्त्री मागितलीस. "जरासा" हा शब्द मी तुझ्या ओठांवर वाचला. मामी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी काही बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

आणि होडी उभी राहिली. लोक रडले, भांडले, विमावाले पोट सुटलेलं ठेवून मोकळेपणाने बोलले, आणि ती उभीच. शेवटी पलीकडे गेली, थांबली. मला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. पण पाचशे हात दिसले, आणि तुझा हात माझ्या पाठीवर होता. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता.

आता एक अडचण. बसथांब्यावर तू चढायच्या आधी मला काहीतरी विचारलंस. तू माझ्या उजव्या बाजूला, मागे बसचं इंजिन, माझं लक्ष चाकाकडे, कारण मला वाटलं हवा कमी आहे. मी दोनदा "काय?" म्हणालो. तू दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा "काय?" म्हणायची मला लाज वाटली. मग चेहऱ्यावर असेल नसेल तेवढं हसू गोळा केलं आणि म्हणालो, "हो हो, अगदी!" तू आधी हसलीस, मग तुझे डोळे भरले, मग बस निघाली. मामी तुझ्यासाठी बिस्किटं आणायला गेली होती, तिने काही ऐकलं नाही.

तेव्हापासून मी हवालदिल आहे. मी कशाला हो म्हणालो? तू नोकरी सोडतेयस का? लग्न ठरवलंयस का? सभागृहाला दर महिन्याला होडी देऊ असं तर म्हणालीस नाहीस ना? जे असेल ते लिहून कळव.

मामा


७ नोव्हेंबर

मामा,

मी विचारलं होतं, "मी दुकान सोडून गेले, ते बरोबर केलं ना?"

आणि तू म्हणालास, "हो हो, अगदी!" इतकं मनापासून, सगळे दात दाखवून. मला ठाऊक होतं तू ऐकलेलं नाहीस, तुझे डोळे चाकावर होते. म्हणून हसले. पण चार वर्षं जे ऐकायचं होतं ते शेवटी कानावर पडलं, मग रडू आलं. बसमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत मी ते खरं धरून चालले. खिडकीशी बसून तीनदा मनात म्हणूनसुद्धा पाहिलं.

मग वाटलं, हे काही खरं नाही. बहिऱ्या माणसाकडून हो म्हणवून घेणं म्हणजे झोपलेल्याचा अंगठा उठवण्यासारखं झालं. तेव्हा उत्तर परत करते. तुला हवं ते दे.

ठिणगी


१६ नोव्हेंबर

चि. ठिणगी,

ऐकू आलं असतं तर मी "नाही" म्हणालो असतो. एवढा मी मला ओळखतो. आधी घसा खाकरला असता, मग म्हणालो असतो, हे बघ, त्याला दोन बाजू आहेत, आणि पहिली बाजू संपायच्या आत तुझी बस सुटली असती.

आठवडाभर तुझं पत्र टेबलावर ठेवून कामं केली. तू गेलीस ते मला लागलं. अजून लागतं, संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला जास्त. पण तू राहिली असतीस तर माझ्याएवढीच राहिली असतीस, आणि मी त्याला शिकवणं म्हटलं असतं. गिऱ्हाइकांना सांगितलं असतं, माझ्या हाताखाली तयार झाली. आणि मला मात्र माझ्या टेबलाबाहेरचं काही शिकवणारं कुणी उरलं नसतं.

तेव्हा ते उत्तर परत करू नकोस, तुझ्याकडेच ठेव. न ऐकता दिलं होतं, आता वाचून देतो. हो. अगदी बरोबर केलंस.

मामी मला मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. मी जात नव्हतो, तिने पाच बोटं दाखवली. कानाला यंत्र बसलं की पहिला फोन मी तुला करीन, आणि तू मला हाच प्रश्न पुन्हा विचार. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, तर समज की ऐकू येतंय.

तुझा,
मामा